सहा लिहिलेली पाच

आचारसंहिता लागली की नाट्याच्या सागरी ठाण्यात
बंदुका जमा होतात. बहुतेक ठासणीच्या,
माकडांवर, रानडुकरांवर रोखून म्हाताऱ्या झालेल्या.
दस्त्याला सुतळी, सुतळीला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर वाडीचं नाव.
त्यांत एक रुमालही असतो.
रुमालात तळहाताएवढं पिस्तूल
आणि सुपारीच्या पितळी डबीत काडतुसं.

हुर्मतबी सोलकर, वय चौऱ्याऐंशी.
परवाना नवऱ्यामागून तिच्या नावावर.
माझ्या आधीच्या चार मोहररांनी
डबी न उघडता लिहिलंय: नग सहा.
मी उघडली.
पाच.

आर्मरर पाष्टे रत्नागिरीहून तपासणीला आले होते.
त्यांनी एक चिमटीत धरलं. खजुराची बी, पितळेची.
"पंचवीसचं," म्हणाले, आणि आवाज जरा मऊ झाला,
जसा माझ्या बापाचा व्हायचा जुनी नथ हातात आली की.
"बेल्जियममध्ये निघालं, एकोणीसशे पाचच्या सुमाराला.
तिकडच्या साहेबांना जाकिटाच्या खिशात मावणारं पिस्तूल हवं होतं.
आधी खिसा ठरला, मग पिस्तूल, शेवटी हे.
मारायचं बावीसच्या काडतुसाएवढंच.
पण बावीसचा मसाला बुडाच्या काठात भरलेला.
एखाद्या बाजूला पोचलाच नाही
आणि घोडा नेमका तिथंच पडला, तर?
म्हणून ह्याला मधोमध टोपी दिली.
जोर नाही वाढवला. खात्री वाढवली."

"हा काठ बघा. अंगापेक्षा केसभर बाहेर.
तेवढ्यावर ते नळीच्या तोंडाशी टेकून राहतं,
आणि तेवढाच आहे म्हणून
मॅगझिनमध्ये एकावर एक सरकतात, अडत नाहीत.
गोळी पन्नास ग्रेन."

मी सोनाराचा मुलगा. मनात गुंजा केल्या.
सत्तावीस. एक बऱ्यापैकी अंगठी.

"सहावं कुठाय, आजी?"

ती पंख्याकडे बघत होती.
"आमचा माणूस बोटीवर सारंग.
अँटवर्पला घेतलंन. कस्टमचा शिक्का आहे, बघा कागदावर.
म्हणाला, मी आठ-आठ महिने पाण्यात,
आणि घरात वाटणीचा तंटा.
नऊ पावसाळे उशाखाली होतं.
मग एका रात्री दाराशी कोण आला, हातात कोयता.
कडी हलवत होता.
मी फटीला लावलं आणि दाबलं.
टक्.
एवढंच. टक्."

पाष्ट्यांनी डबी उजेडात नेली.
टोप्यांवर हिरवं चढलेलं, विहिरीच्या पायरीसारखं.
खिशाचा विचार झाला होता, तळव्याचा झाला होता,
केसभर काठाचाही झाला होता.
जैतापूरच्या खाडीवरचा श्रावण
तिकडे कुणाच्या मनातही आला नसणार,
जिथं बरणीत मिठाचं पाणी होतं
आणि काड्यापेटी तव्यावर शेकावी लागते.

"सकाळी ओहोटीला टाकलं ते खाडीत," ती म्हणाली.
"आणि तो माणूस?"
"रिक्षात बसलाय बाहेर. माझा दीर.
त्याला वाटतं, मी आतून दुसरी कडी घातली.
तो आवाज ऐकला नि लाज वाटली म्हणतो,
म्हणून परत फिरला.
दुसरी कडी नव्हतीच दाराला.
पुढच्या वर्षी त्यानंच आणून ठोकली."

पाष्टे काही बोलले नाहीत.
बराच वेळ ते एकाच काडतुसाचा काठ
नखानं चाचपत राहिले.

शेऱ्याचा रकाना अर्ध्या बोटाचा.
मी लिहिलं: नग पाच.
एक खाऱ्या हवेमुळे कमी.
ती सही करायची. अक्षर शाळेतलं, सावकाश.

तेवढ्यात म्हातारा आत आला, छत्री दाराशी टेकवली,
तिच्यापुढे हात धरला. "झालं का, भाबी?"
मी डबी लोखंडी कपाटात ठेवली,
दार लोटलं.
टक्.
त्यानं ऐकलंसुद्धा नाही.
तिच्या बांगड्या मात्र हलल्या.